अँजिओप्लास्टीनंतर जांघेतील ठोके देणारी गाठ आणि मनगटाची सूज: उपचार कसे ठरतात

प्रश्नाचा आशय असा आहे. वडील ६८ वर्षांचे असून सहा दिवसांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. सुरुवात उजव्या मनगटातून झाली होती, परंतु तार पुढे सरकेना म्हणून डॉक्टरांनी उजव्या जांघेतून काम पूर्ण केले. आता जांघेपासून गुडघ्यापर्यंत कातडी काळीनिळी पडली आहे, टोचल्याच्या जागी सुमारे ३ सेंटीमीटरची गाठ आहे आणि तिच्यावर बोटे ठेवली की ठोके जाणवतात. मनगटही थोडे सुजलेले आहे. ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर चालू आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्यात आणि गाठीवर हळदीचा लेप लावून शेकावे, असे घरातील मोठ्यांचे म्हणणे आहे. हे कितपत धोक्याचे आहे, शस्त्रक्रिया लागेल का आणि गोळ्यांचे काय करावे, असे तीन प्रश्न विचारले आहेत.

तातडीचे आधी सांगतो. गोळ्या स्वतःहून एक दिवसही थांबवू नयेत. गाठ शेकू नये, चोळू नये, तिच्यावर घट्ट पट्टा आवळू नये. ठोके देणाऱ्या गाठीची कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी, सोनोग्राफी आज, फार तर उद्या व्हायला हवी. पुढच्या आठवड्यात ठरलेल्या तपासणीपर्यंत थांबणे योग्य नाही. गाठ तासातासाला वाढत असेल, वरची कातडी ताणून चकचकीत दिसू लागली असेल, पाय थंड किंवा बधिर पडत असेल, अथवा कंबरेत किंवा ओटीपोटात दुखून घाम आणि चक्कर येत असेल, तर डॉपलरची वेळ घेत बसू नये. अशा वेळी कॅथलॅबची (अँजिओग्राफीच्या कक्षाची) आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. जांघेतून रक्त बाहेर येऊ लागले तर रुग्णाला पाठीवर सपाट झोपवावे, कातडीवरील छिद्राच्या दोन बोटे वर, म्हणजे पोटाच्या बाजूला, हाताच्या बोटांनी जोरात दाब द्यावा आणि तो न सोडता दुसऱ्या कोणाला तरी १०८ क्रमांकावर फोन करायला सांगावे. दर मिनिटाला हात उचलून रक्त थांबले का हे पाहिले, तर नुकतीच धरू लागलेली गुठळी पुन्हा निघते.

दाब छिद्रावर न देता वर का द्यायचा, हे समजले की पुढचे बरेच काही समजते. जांघेतील फेमोरल धमनीत सुई तिरकी, साधारण ४५ अंशांत घातली जाते. त्यामुळे कातडीवरचे छिद्र खाली असते आणि धमनीचे छिद्र त्याच्या एक-दोन सेंटीमीटर वर. तपासणी संपल्यावर शीथ, म्हणजे धमनीत ठेवलेली नळी, काढली जाते आणि मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यावर धमनी दाबून धरली जाते. मागे हाडाचा आधार असल्यामुळेच हा दाब उपयोगी पडतो. सुई त्या हाडाच्या पातळीच्या खाली गेली तर धमनीच्या मागे फक्त स्नायू असतात, दाब नीट बसत नाही आणि जांघेत गाठ होण्याची शक्यता वाढते. सुई फार वर, जांघेच्या घडीतील अस्थिबंधाच्याही वर गेली, तर रक्त बाहेर न येता पोटाच्या मागच्या पोकळीत साचते. म्हणजे बहुतेक गुंतागुंतीचे मूळ सुई नेमकी कोठे लागली यात असते. यासाठीच आज अनेक केंद्रांत सुई घालतानाच सोनोग्राफीचा आधार घेतात, आणि मला तो खर्च वा वेळेचा अपव्यय कधीच वाटलेला नाही. याउलट, दाब सोडल्यावर जांघेवर वाळूची पिशवी ठेवण्याची जुनी पद्धत रक्तस्राव टाळते असे दिसलेले नाही. पिशवीखाली वाढणारी गाठ मात्र दिसत नाही.

आता काळ्यानिळ्या डागाविषयी. नातेवाईक सर्वांत जास्त घाबरतात ते या डागाला, आणि उपचार ठरवताना त्याला सर्वांत कमी महत्त्व असते. धमनीच्या भोवती थोडे रक्त झिरपले की ते कातडीखालच्या चरबीत पसरते आणि गुरुत्वाने खाली उतरते. मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत, पुरुषांत वृषणाच्या पिशवीपर्यंतही. रंग निळ्यापासून हिरवट आणि मग पिवळा होत दोन-तीन आठवड्यांत डाग जातो. त्याला औषध लागत नाही. त्याच्या कडा पेनाने आखून ठेवल्या तर वाढतो आहे की केवळ खाली सरकतो आहे हे कळते, एवढाच त्याचा उपयोग. रक्त साकळून झालेली घट्ट गाठ असेल, ठोके नसतील आणि ती वाढत नसेल, तर तीही बहुतेक वेळा आपोआप विरघळते. आकाराने मोठी असली तर दोन महिने लागू शकतात. अशा गाठीत सुई घालून रक्त ओढून काढण्याचा मोह होतो, विशेषतः लहान गावात, पण त्यातून जंतू आत जाण्यापलीकडे बहुधा काही साधत नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्यावे. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉरच्या जोडीला घेतल्यास रक्तस्राव वाढतो, म्हणून त्या टाळाव्यात.

वडिलांच्या बाबतीत चिंतेची गोष्ट डाग नसून ठोके ही आहे. ठोके दोन कारणांनी लागतात. एक तर साकळलेल्या घट्ट रक्ताच्या खाली असलेल्या निरोगी धमनीचे ठोके वरपर्यंत पोहोचतात. किंवा धमनीचे छिद्र बुजलेलेच नसते, दर ठोक्याला रक्त त्या छिद्रातून बाहेर एका पोकळीत येते आणि हृदय सैल पडताना परत धमनीत जाते. या पोकळीला धमनीची स्वतःची भिंत नसते, तिला फक्त भोवतालच्या पेशींनी आणि गुठळीने आवरलेले असते. यालाच स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतात. हाताने तपासून या दोहोंत खात्रीने फरक करता येत नाही, अनुभवी हातालाही नाही. स्टेथोस्कोपने फुरफुर ऐकू आली तर संशय बळावतो, पण ती ऐकू आली नाही म्हणून शंका मिटत नाही. डॉपलरमध्ये मात्र मानेसारख्या अरुंद वाटेतून आत-बाहेर जाणारा प्रवाह स्पष्ट दिसतो. त्यामुळे अहवालात केवळ ‘स्यूडोअ‍ॅन्युरिझम आहे’ एवढे लिहून भागत नाही. पोकळीचा आकार, त्यातील किती भागात अजून रक्त फिरते आहे, पोकळी एक आहे की एकाला एक जोडलेल्या दोन-तीन आहेत, मानेची लांबी व रुंदी, ती नेमक्या कोणत्या धमनीतून निघते आणि शेजारच्या नीलेत गुठळी आहे का, हे सर्व लिहिलेले असावे. उपचार निवडताना हीच माहिती कामी येते.

पोकळी २ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल, दुखणे नसेल, वाढ नसेल आणि रुग्ण वॉर्फरिनसारखे रक्तगोठणरोधक औषध घेत नसेल, तर काही न करता आठवड्याने पुन्हा डॉपलर करणे हा योग्य उपचार आहे. अशा बहुतेक पोकळ्या काही आठवड्यांत स्वतःच गुठळीने भरून बंद होतात. दोन गोळ्या चालू असलेल्या रुग्णांत मात्र ही शक्यता कमी होते आणि वेळही जास्त लागतो. म्हणून ३ सेंटीमीटरच्या गाठीत, ठोके आणि दोन्ही गोळ्या चालू असताना, मी सहसा वाट पाहत नाही. अर्थात बाहेरून हाताला लागलेले ३ सेंटीमीटर आणि आत रक्त फिरणारी पोकळी ही दोन निराळी मापे आहेत. डॉपलरमध्ये आतली पोकळी एक-दीड सेंटीमीटरचीच निघाली तर थांबता येईल.

पूर्वी अशा प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रिया होत असे. १९९१ मध्ये सोनोग्राफीच्या यंत्राच्याच टोकाने पोकळीची मान दाबून धरण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या करत तास-तासभर दाब द्यावा लागतो, रुग्णाला ते फार दुखते, दाबणाऱ्याचा हात भरून येतो आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर यशाचे प्रमाण बरेच घसरते. पहिल्या दिवसाची, लहान, अरुंद मानेची पोकळी असेल तर आजही ती पद्धत उपयोगी आहे, परंतु सहा दिवसांनंतर आणि या गोळ्यांवर मी ती सुचवणार नाही.

आज पहिली पसंती थ्रॉम्बिनच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या, इंजेक्शनला असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धत रुळली. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत बारीक सुई पोकळीत, मानेपासून शक्य तितकी दूर नेली जाते आणि थ्रॉम्बिनचे काही दशांश मिलिलिटर, साधारण १०० ते ५०० युनिट, हळूहळू सोडले जातात. पोकळीतील रंगीत प्रवाह बहुतेक वेळा काही सेकंदांतच थांबतो. दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत एकाच बैठकीत काम होते, ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर चालू असूनही होते, कारण थ्रॉम्बिन रक्तातील फायब्रिनोजेन या गुठळी बनवणाऱ्या प्रथिनावर थेट काम करते आणि त्याला प्लेटलेट्सची वाट पाहावी लागत नाही. सुटे थ्रॉम्बिन सगळीकडे मिळत नाही. तेथे शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या फायब्रिन सीलंटच्या (रक्तस्राव थांबवणाऱ्या गोंदाच्या) किटमधील थ्रॉम्बिन काढून वापरतात. गाईच्या रक्तापासून बनवलेले थ्रॉम्बिन पूर्वी कधी टोचले गेले असेल, तर ॲलर्जीचा आणि गोठण घटकांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होण्याचा धोका असतो, म्हणून आधी विचारून घ्यावे. ते मिळतच नसेल तर मानेभोवतीच्या पेशींत सलाइन टोचून मान बाहेरून आवळून बंद करण्याचा पर्यायही आहे.

या इंजेक्शनचा खरा धोका एकच आहे: औषध मानेतून मूळ धमनीत गेले तर पायाची धमनी गोठू शकते. मान आखूड आणि रुंद असेल तर हा धोका वाढतो, आणि तेव्हा मी हे इंजेक्शन देण्याऐवजी शस्त्रक्रिया सुचवतो. इंजेक्शनच्या आधी आणि नंतर पावलावरची व घोट्यामागची नाडी तपासून लिहून ठेवावी, काही तास झोपून राहावे आणि दुसऱ्या दिवशी डॉपलर पुन्हा करावे. पोकळी उघडलेली आढळली तर इंजेक्शन दुसऱ्यांदा देता येते. बंद झाल्यावरही गाठ हाताला लागत राहते, कारण आत साकळलेले रक्त विरायला आठवडे लागतात. ठोके गेले की नाहीत एवढेच पाहावे.

म्हणजे शस्त्रक्रिया कोणाला लागते? पोकळी झपाट्याने वाढत असेल, वरची कातडी मरू लागली असेल, मज्जातंतूवर दाब येऊन मांडी बधिर पडत असेल किंवा गुडघा ताठ करता येत नसेल, पायाचा रक्तपुरवठा कमी झाला असेल, जंतुसंसर्गाचा संशय असेल किंवा इंजेक्शन दोनदा देऊनही पोकळी उघडी राहिली असेल, तर. शस्त्रक्रियेत धमनी वर-खाली ताब्यात घेऊन छिद्र टाक्यांनी बंद केले जाते. ती मोठी नसते, पण नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या आणि गोळ्या थांबवता न येणाऱ्या माणसात जखम चिघळणे, लसिका, म्हणजे जखमेतून पाण्यासारखा द्रव, गळत राहणे हे प्रकार होतात.

गोळ्यांविषयी. स्टेंटची धातूची जाळी पहिल्या आठवड्यांत उघडी असते, तिच्यावर धमनीचे अस्तर चढलेले नसते. या काळात दोन्ही गोळ्या थांबवल्या आणि स्टेंट अचानक गोठला, तर हृदयविकाराचा मोठा झटका येतो आणि त्यात मृत्यूचा धोका फार मोठा असतो. जांघेतील गाठ त्रासदायक आहे, दिसते आहे, म्हणून ती मोठी वाटते. स्टेंट दिसत नाही. दाबता येणाऱ्या जागी असलेल्या छिद्रासाठी ॲस्पिरिन बंद करण्याची वेळ क्वचितच येते. रक्तस्राव चालूच राहिला तर हृदयरोगतज्ज्ञ टिकाग्रेलॉर बदलून तुलनेने सौम्य असलेले क्लोपिडोग्रेल देऊ शकतात, पण सुरुवातीच्या महिन्यात हा बदलही विचारपूर्वक, भरण मात्रा, म्हणजे सुरुवातीचा एकदाच घ्यायचा मोठा डोस, देऊनच करायचा असतो आणि घरी बसून करायचा नसतो. कोणी वॉर्फरिन किंवा नवी रक्तगोठणरोधक औषधे घेत असेल तर तो निर्णय वेगळा: तेथे एक-दोन मात्रा पुढे ढकलणे अनेकदा शक्य असते, मात्र हृदयात कृत्रिम धातूची झडप असल्यास तेही सावधपणे.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते त्याविषयी. पोटाच्या मागच्या पोकळीतील रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. जांघ मऊ आणि स्वच्छ असते, डाग नसतो, आणि रुग्ण फक्त कंबर दुखते किंवा लघवीला लागल्यासारखे वाटते असे म्हणतो. तासनतास पाठीवर झोपल्यामुळे कंबर दुखणे साहजिक आहे, असे समजून वेदनाशामक देऊन तो विषय संपवला जातो, आणि तोपर्यंत लिटरभराहून अधिक रक्त आत साचलेले असू शकते. नाडी वाढलेली असावी अशी अपेक्षा असते, पण यातील बहुतेक रुग्ण मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद ठेवणारी औषधे घेत असल्यामुळे नाडी ७० वरच राहते. पहिले हिमोग्लोबिनही फसवे असते, कारण रक्त गेले तरी उरलेल्या रक्तातील प्रमाण काही तास तसेच राहते. त्यामुळे जांघेतून प्रक्रिया झाल्यानंतर रक्तदाब खाली आला, सलाइन देऊन वर आला आणि पुन्हा खाली आला, तर अन्य कारण सिद्ध होईपर्यंत ते याच रक्तस्रावाचे लक्षण मानावे. शीथ काढताना होणारी व्हेगस या मज्जातंतूची प्रतिक्रिया, म्हणजे एकाएकी येणारी भोवळ, याच्याशी गोंधळते. तिच्यात मात्र नाडी मंदावते आणि ॲट्रोपिन, पाय वर करणे व सलाइन यांनी काही मिनिटांत माणूस सावरतो. सावरला नाही, तर ती प्रतिक्रिया नव्हे.

उपचारात आधी शिरेत दोन जाड सुया, सलाइन, रक्तगट जुळवून रक्ताची मागणी आणि हिपॅरिन किंवा टिरोफिबान ही शिरेतून दिली जाणारी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती बंद. हिपॅरिनचा परिणाम प्रोटामिनने उलटवता येतो, दर १०० युनिट हिपॅरिनला १ मिलिग्रॅम या हिशेबाने, हळूहळू; घाईने दिल्यास रक्तदाब आणखी कोसळतो. एनॉक्सापॅरिन या हिपॅरिनच्याच प्रकारावर त्याचा परिणाम अर्धवट होतो. टिकाग्रेलॉर घेतलेल्याला पहिल्या दिवसात प्लेटलेट्स चढवल्या तरी त्यांचा फायदा फारसा होत नाही, कारण रक्तात फिरणारे औषध नव्या प्लेटलेट्सनाही निकामी करते. रुग्ण स्थिर असेल तर सीटी स्कॅन करावा, शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन, म्हणजे गळती चालू आहे का हे कळते. स्थिर नसेल तर स्कॅनच्या टेबलावर नेण्यात वेळ घालवू नये, थेट कॅथलॅबमध्ये न्यावे, दुसऱ्या जांघेतून किंवा मनगटातून अँजिओग्राफी करून छिद्र शोधावे आणि फुगा फुगवून ते आतून तात्पुरते बंद करावे. त्यानंतर जांघेच्या वर ओटीपोटात असलेल्या इलिॲक धमनीतील छिद्रावर आच्छादित स्टेंट (पडदा चढवलेली जाळी) बसवता येतो. पोटाच्या भिंतीकडे जाणारी एखादी लहान फांदी फाटली असेल तर ती कॉइलने, म्हणजे धातूच्या बारीक वेटोळ्याने, बंद करता येते. जांघेच्या घडीत, जेथे धमनी दर पावलागणिक वाकते, तेथे मात्र आच्छादित स्टेंट टाळून शस्त्रक्रियेकडे वळणे मला जास्त पसंत आहे. तेथील स्टेंट मोडू शकतो, मांडीला रक्त पुरवणारी खोल फांदी झाकली जाऊ शकते आणि पुढे त्या जागेतून सुई घालणे अवघड होते. सुदैवाने बहुतेक रुग्ण रक्त, विश्रांती आणि लक्ष ठेवणे एवढ्यावर सावरतात. रक्त साधारणपणे हिमोग्लोबिन ८ च्या आसपास आल्यावर देतात. नुकताच झटका येऊन गेला असेल किंवा छातीत दुखत असेल तर मी त्याआधीच देतो.

पाय थंड पडणे कमी वेळा घडते, पण तेथे घड्याळ जास्त वेगाने धावते. पाय पांढरा, थंड, बधिर आणि हलवता न येणारा झाला तर साधारण सहा तासांच्या आत रक्तप्रवाह पूर्ववत व्हायला हवा. जांघेत छिद्र बंद करण्याचे उपकरण वापरले असेल, उदाहरणार्थ कोलॅजनचा बोळा बसवणारे अँजिओ-सील किंवा टाका घालणारे प्रोग्लाइड, तर त्याचा काही भाग आत सरकून धमनी बंद झाली असण्याची शक्यता लगेच लक्षात घ्यावी आणि शल्यविशारदाला ते नाव सांगावे. कार्डावर लिहिलेले हे नाव जपून ठेवण्याचे आणखी एक कारण असे, की कोलॅजन विरघळेपर्यंत, म्हणजे सुमारे ९० दिवस, नेमक्या त्याच जागी पुन्हा सुई घालणे टाळले जाते.

धमनी आणि शेजारची नीला यांत वाट पडून होणाऱ्या फिस्टुलाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जांघेवर हात ठेवल्यास सतत थरथर जाणवते, डॉपलरने निदान होते, बऱ्याचशा फिस्टुला वर्षभरात आपोआप बंद होतात. पाय सुजणे, चालताना पोटरी दुखणे किंवा हृदयावर ताण येणे यांपैकी काही घडले तरच बंद करण्याची शस्त्रक्रिया करतात. जंतुसंसर्ग बहुधा आठवड्याने किंवा त्यानंतर डोके वर काढतो, म्हणजे वडील आत्ता ज्या टप्प्यावर आहेत तेथून पुढे. थंडी वाजून ताप, जागेची लाली, पू किंवा नव्याने वाढलेले दुखणे दिसले तर आधी रक्ताचे कल्चर, म्हणजे जंतू शोधण्याची तपासणी, घ्यावे आणि मगच अँटिबायोटिक सुरू करावे. पाच दिवसांचा गोळ्यांचा कोर्स येथे पुरत नाही. बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असतो आणि तो धमनीची भिंत कुरतडतो; शिरेतून कित्येक आठवडे औषध आणि अनेकदा जागा स्वच्छ करून स्वतःच्याच शिरेचा तुकडा जोडणे लागते. हळदीचा लेप आणि शेक नको म्हणालो तो यासाठीही: अजून न भरलेल्या छिद्रावर बाहेरची वस्तू लागते, आणि उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात.

आता मनगट. तेथून प्रक्रिया करणे जांघेपेक्षा सुरक्षित आहे, यात आता वाद उरलेला नाही. १९८९ मध्ये मॉन्ट्रियलच्या ल्युसियन कॅम्पो यांनी मनगटातून अँजिओग्राफीचे आणि १९९२ पासून ॲमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनाय यांनी अँजिओप्लास्टीचे काम सुरू केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रायव्हल या ७,०२१ रुग्णांच्या अभ्यासात रक्तवाहिनीची मोठी गुंतागुंत मनगटाच्या गटात १.४ टक्के आणि जांघेच्या गटात ३.७ टक्के होती. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि वडिलांच्या हातात तार पुढे सरकली नव्हती, ही नोंद महत्त्वाची आहे. धमनी आकसली असेल, नागमोडी असेल किंवा तार एखाद्या बारीक फांदीत शिरली असेल. तारेने फांदीला छिद्र पडले तर रक्त मनगटात न साचता कोपराच्या दिशेने, मनगट ते कोपर या भागात साचते, पट्टी नेमकी मनगटावर असते आणि तिचा काही उपयोग होत नाही. प्रक्रिया चालू असतानाच हे लक्षात आले तर नळी बाहेर काढू नये. बारीक तारेने वाट ओलांडून नळी त्या जागेच्या पुढे न्यावी, तीच आतून छिद्र दाबून धरते आणि काम संपेपर्यंत बहुतेक वेळा गळती थांबलेली असते.

नंतर लक्षात आल्यास सुजलेल्या जागेवर रक्तदाबाचा पट्टा बांधून तो वरच्या रक्तदाबाच्या सुमारे २० अंक खाली फुगवून ठेवतात, दर पंधरा मिनिटांनी थोडा वेळ सैल करतात आणि बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून हाताला रक्त पोहोचते आहे याची खात्री करतात. हात उंच ठेवावा, रक्तदाब नियंत्रणात आणावा, चालू हिपॅरिन थांबवावे. एवढ्याने बहुतेक हात वाचतात. हा भाग दगडासारखा घट्ट होणे, दिसणाऱ्या सुजेच्या मानाने खूपच जास्त दुखणे आणि दुसऱ्याने बोटे सरळ केली की कळ जाणे ही कंपार्टमेंट सिंड्रोमची, म्हणजे स्नायूंच्या आवरणात दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याची, लक्षणे होत. मनगटाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहणे ही येथली नेहमीची फसगत आहे. नाडी शेवटपर्यंत टिकू शकते, स्नायू आणि मज्जातंतू मात्र काही तासांत मरतात. अशा वेळी शल्यविशारदाने आवरण कापून दाब मोकळा करणे, हाच उपचार.

सहाव्या दिवशी थोडीच सूज उरली असेल आणि बोटे गरम, गुलाबी, हलती असतील, तर वरील धोका वडिलांना नाही. त्यांच्या मनगटाची अंगठ्याच्या बाजूची नाडी लागते का, एवढे जांघेच्या डॉपलरसोबत तेथेही पाहून घ्यावे. धमनी बंद झालेली आढळली तरी घाबरण्याचे कारण नसते, कारण करंगळीच्या बाजूची अल्नर धमनी हाताला पुरेसे रक्त देते आणि बहुतेकांना काहीच जाणवत नाही. बंद होणे पहिल्या काही तासांत लक्षात आले, तर अल्नर धमनी तासभर दाबून अंगठ्याच्या बाजूच्या रेडियल धमनीत प्रवाह वाढवून ती उघडता येते. सहा दिवसांनी ती वेळ गेलेली असते. हात दुखत असेल तर काही आठवडे लो मॉलिक्युलर वेट हिपॅरिन (एनॉक्सापॅरिनसारखे इंजेक्शन) देतात, परंतु वडिलांना आधीच दोन गोळ्या आणि जांघेत संशयास्पद गाठ असताना मी ते देणार नाही. ही धमनी चालू आहे की बंद, याची नोंद मात्र फाइलमध्ये हवी: पुढची अँजिओग्राफी कोणत्या हातातून करायची आणि मूत्रपिंडाचा आजार असल्यास डायलिसिससाठी कोणता हात राखायचा, हे त्यावर ठरेल.

डॉपलरला जाताना डिस्चार्ज कार्ड, प्रक्रियेची सीडी, शीथचा आकार आणि बंद करण्याचे उपकरण वापरले असल्यास त्याचे नाव सोबत न्यावे. हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स आणि क्रिएटिनिन त्याच वेळी तपासावे. प्लेटलेट्सची तपासणी पुष्कळदा राहून जाते, आणि हिपॅरिन किंवा टिरोफिबानमुळे त्या कमी झाल्या असतील तर जांघेतील छिद्र न बुजण्याचे कारण तेथेच सापडते. अहवाल येईपर्यंत वडिलांनी घरात सपाट जागेवर चालावे, पण जिने चढणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, भारतीय पद्धतीचे शौचकूप, दुचाकी आणि वजन उचलणे टाळावे. बद्धकोष्ठ असेल तर जोर करावा लागू नये म्हणून सौम्य रेचक घ्यावे आणि खोकताना जांघेवर हात दाबून धरावा. पोकळी आढळली तर इंजेक्शनपर्यंत, आणि इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशीचे डॉपलर स्वच्छ येईपर्यंत हेच पाळावे.